नवीन वायपर ब्लेड टाकलं तरी काचेवर परत पट्टे? पुढचं ब्लेड घ्यायच्या आधी हे बघा

वायपर नीट पुसत नाही म्हणून नवीन ब्लेड टाकायचं, थोडे दिवस काच झकास दिसते, मग हळूहळू बरोबर ड्रायव्हरच्या नजरेसमोर एक धुरकट पट्टा उमटायला लागतो नाहीतर थडथड सुरू होते, की परत नवीन ब्लेड, या वेळी जरा भारीतलं, आणि परत तेच. हे ज्यांच्या मागे लागलंय त्यांच्यासाठी लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, ब्लेड मुळात खराब निघालंय असं फार कमी वेळा होतं, बहुतेक वेळा ते त्या गाडीच्या आर्मशी, म्हणजे ब्लेड धरून फिरवणाऱ्या दांड्याशी, नाहीतर काचेशी जुळत नसतं, आणि नेमकं काय जुळत नाही ते काचेवरचा पट्टाच सांगत असतो. तो आधी वाचा आणि मग खरेदीला जा.

आणि हे पुढे ढकलू नका. दिवसा तो पट्टा नुसता नजरेला खुपतो, पण रात्री समोरून हेडलाइट आला की त्या पट्ट्यातलं पाणी सगळा उजेड पसरवतं आणि त्या एक-दोन सेकंदात रस्त्याच्या कडेने कोणी चालत असेल तर ते दिसतच नाही. ब्रेकवर आपण जितकं लक्ष देतो तितकंच यावर द्यायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं.

काच पुसायचं काम नक्की कोण करतं ते एकदा बघून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटापट कळेल. रबराच्या खालच्या टोकाला एक अगदी पातळ धार असते. वायपर एका दिशेला जाताना ही धार मागे झुकलेली असते, टोकाला पोचून तो उलटा फिरला की धार दुसऱ्या बाजूला पलटते. मिनिटाला ४५ फेऱ्या धरल्या तर तासाभराच्या पावसात २७०० फेऱ्या होतात आणि धार ५४०० वेळा पलटते. ती मऊ असेल, तिच्यावर पूर्ण लांबीत सारखा दाब पडत असेल आणि खालची काच साफ असेल तरच ती न अडखळता पलटते. या तीनपैकी एक जरी बिघडलं तरी पट्टा येणार, मग ब्लेड कितीही महाग असो. १९०३ मध्ये मेरी अँडरसन यांना अमेरिकेत वायपरचं पेटंट मिळालं, त्यात आतून हाताने दांडी ओढून बाहेरचं रबरी पातं काचेवर फिरवायचं होतं, आणि ते काचेला टेकून राहावं म्हणून वजनाची सोय होती. म्हणजे रबर हवं आणि त्यावर दाब हवा हे तेव्हापासूनचं आहे, आज वजनाच्या जागी आर्ममधली स्प्रिंग आली एवढंच.

पट्टा वाचायचा कसा

काचेवर भरपूर पाणी मारा, वायपर सर्वात हळू स्पीडला लावा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. जमलं तर अजून कोणाला तरी बाहेर उभं करून ब्लेडकडे बघायला सांगा, आत बसून पट्टा दिसतो पण ब्लेड काय करतंय ते बाहेरूनच नीट दिसतं. वॉशरच्या एका फवाऱ्यावर निकाल लावू नका, कोरड्या काचेवर कुठलंही ब्लेड वाईटच वाटतं.

सगळ्यात आधी काचेच्या आतल्या बाजूने बोट फिरवा. हसू नका, आतला चिकट धुरकटपणा कितीतरी लोक बाहेरचा समजून ब्लेड बदलत बसतात. डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातून निघणारी वाफ काचेला आतून बसते आणि ती वायपरने जन्मात जाणार नाही.

आता बाहेरचं. एकच बारीक रेघ असेल, केसासारखी, आणि ती दर फेरीला त्याच जागी येत असेल तर धारेला कण अडकलाय नाहीतर तिथे चीर पडलीय. ब्लेड उचला, ओल्या फडक्याने धार एकदा पुसा, रेघ गेली तर काही घ्यायची गरज नाही. नाही गेली तर धारेवरून नख फिरवा, चीर नखाला लागते. पण रेघ त्याच जागी आहे आणि नवीन ब्लेडलाही येतेय, तर मग चीर काचेत आहे, त्याचं पुढे सांगतो.

रुंद पट्टा, म्हणजे चार बोटांएवढा भाग पुसलाच जात नाही, पाणी तसंच राहतं, हे सगळ्यात महत्त्वाचं लक्षण आहे कारण यातच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. याचा अर्थ तिथे ब्लेड काचेला टेकतच नाही. मधोमध असेल तर ब्लेडचा बाक काचेच्या बाकाशी जुळत नाही किंवा फ्रेमचा एखादा सांधा जाम झालाय. टोकाला असेल तर ब्लेड लांब पडतंय किंवा त्या टोकाला पुरेसा दाब पोचत नाही. इथे तेच मॉडेल परत आणलं तर तोच पट्टा परत येणार, रबर नवं असलं तरी.

पातळ धुकं असेल, वायपर गेल्यावर अर्ध्या सेकंदात विरणारं, तर तो तेलकट थर आहे. काचेचा दोष, ब्लेडचा नाही.

थडथड असेल तर ती जाताना होते, येताना होते की दोन्हीकडे, हे नीट बघा. एकाच दिशेला होत असेल तर आर्म पिळलाय किंवा धार कायमची एका बाजूला बसलीय. दोन्हीकडे होत असेल तर काच घाण आहे किंवा रबर कडक झालंय. आणि हायवेला स्पीड वाढला की पुसणं बिघडतं, शहरात ठीक असतं, तर वारा ब्लेडला उचलतोय.

काच आधी, ब्लेड नंतर

मला विचाराल तर निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतील, आणि हाच भाग सगळे टाळतात. काच धुतली म्हणजे साफ झाली असं नाही. गाड्यांचा धूर, झाडांचा चीक, वॉशिंगला वापरतात तो वॅक्स, टायर चमकवायच्या स्प्रेचे उडालेले शिंतोडे, हे सगळं काचेवर बसतं आणि शॅम्पूने पूर्ण निघत नाही. मग नवीन ब्लेडची धार त्यावर कधी सरकते कधी चिकटते, आणि तिथेच थडथड सुरू होते.

ओळखायची सोपी रीत आहे. धुतलेल्या काचेवर वरून पाणी सोडा आणि बघा. साफ काचेवर पाणी सलग पसरतं, अखंड. कुठे पसरतंय, कुठे थेंब थेंब होऊन तुटतंय, असे डाग डाग दिसले तर तिथे थर आहे. सगळ्या काचेवर एकसारखे गोल थेंब होत असतील तर कोणीतरी पाणी झटकणारं कोटिंग लावलेलं आहे, ते स्वतःहून वाईट नाही पण अर्धवट झिजलं की ब्लेड त्यावर हमखास थडथडतं, अशा वेळी कोटिंग एक तर पूर्ण काढा नाहीतर नीट परत लावा.

थर काढायला आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबर फडक्यावर घेऊन पुसा, फडकं बदलत राहा, तेच तेच फिरवलं तर तेल नुसतं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातं. तरी हाताला खरखर लागत असेल तर क्ले बार, म्हणजे काचेवर चिकटलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी, भरपूर साबणाच्या पाण्यासोबत फिरवा. पांढरे गोल डाग असतील, खाऱ्या पाण्याचे, तर पांढरं व्हिनेगर भिजवलेलं फडकं काही मिनिटं त्यावर ठेवा, पेंटवर ओघळू देऊ नका आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. फारच जुने डाग असतील तर सिरियम ऑक्साइडची काचेची पॉलिश लागते, ते काम सावकाशीचं आहे आणि काच तापू द्यायची नाही.

काचेत ओरखडा असेल आणि त्यावरून नख फिरवताना अडकत असेल तर पॉलिशच्या नादी लागू नका. तेवढा खोल ओरखडा काढायला काच इतकी घासावी लागते की तिथे खळगा पडून पलीकडचं वाकडं दिसायला लागतं, आणि ते पट्ट्यापेक्षा वाईट. अशी काच, विशेषतः ड्रायव्हरच्या समोर, बदलणंच बरं.

अजून एक जागा आहे जिकडे कोणी बघत नाही. वायपर बंद असताना जिथे टेकून बसतो तो बॉनेट आणि काचेच्या मधला खळगा. तिथे सुकलेली पानं, माती, वाळू साठते, ब्लेड तासन्‌तास त्यातच पडून असतं आणि सुरू केलं की ते सगळं धारेत घेऊन वर येतं. नव्या रबराची धार पहिल्याच आठवड्यात चिरली असेल तर आधी हा खळगा बघा.

आर्म

काच साफ करून जुनंच ब्लेड परत फिरवून बघा. सुधारलं तर उत्तमच. नाही सुधारलं तर आर्म.

वायपर चालू असताना तो काचेच्या बरोबर मध्ये आला की इग्निशन बंद करा, म्हणजे तो तिथेच थांबेल. आता ब्लेडच्या टोकाकडून, डोळा काचेच्या पातळीला आणून बघा. रबर काचेवर काटकोनात उभं दिसायला हवं, फक्त खालची धार एका बाजूला झुकलेली. अख्खं रबरच एका बाजूला कललं असेल तर आर्म पिळलाय, आणि मग धार एका दिशेला आरामात ओढली जाते, दुसऱ्या दिशेला मात्र टोचत टोचत ढकलली जाते, एका दिशेची थडथड ती हीच. आर्म पिळायची कारणं साधी असतात, गाडी पुसताना कोणीतरी जोर लावून बाजूला ओढला, कापडाचं कव्हर ओढताना अडकला, ऑटोमॅटिक वॉशिंगच्या ब्रशने फिरवला. लोखंडी पट्टीचा आर्म असेल तर फडकं गुंडाळून पान्याने अगदी थोडा उलटा पिळून सरळ करता येतो, केसभर पिळा, बघा, परत केसभर. ब्लेड लावलेलं ठेवून आणि काचेवर जोर देऊन हे करू नका, आर्म काचेपासून उचलून करा. आर्म ओतीव असेल किंवा त्यात वॉशरची नळी असेल तर पिळायच्या भानगडीत न पडता बदलून घ्या.

मग स्प्रिंग. आर्म उचलून सावकाश सोडला तर तो ठामपणे काचेकडे ओढला जायला हवा. सामान तोलायचा लटकता काटा असेल तर ब्लेडच्या सांध्याजवळ अडकवून दोन्ही आर्म काचेपासून जरासे सुटतील इतके ओढून बघा. लांब ब्लेडच्या आर्मला छोट्या ब्लेडच्या आर्मपेक्षा कमी दाब येत असेल तर तिथेच गडबड आहे. कधी कधी स्प्रिंग ठीक असते पण आर्मचा सांधा धुळीने आणि गंजाने जाम असतो, तिथे एक थेंब तेल सोडा, आर्म पाच-दहा वेळा वर-खाली करा, दाब परत येतो. तेल रबरावर किंवा काचेवर ओघळलं तर लगेच पुसा, नाहीतर एक दुखणं घालवून दुसरं आणाल.

आर्मचा बुडखा धरून हलवून बघा. मोठी ढिलाई असेल तर खालच्या लिंकेजचे, म्हणजे मोटरपासून आर्मपर्यंत हालचाल नेणाऱ्या जोडदांड्यांचे, बुश झिजलेत किंवा आर्मचा नट सुटलाय. नट कव्हरखाली असतो, तो खोलण्याआधी ब्लेड काचेवर जिथे बसतं तिथे चिकटपट्टी लावून खूण करून ठेवा, कारण आर्म दातेरी दांड्यावर बसतो आणि एक दाता जरी पुढे-मागे झाला तरी वायपर बाजूच्या खांबावर किंवा खालच्या पट्टीवर आपटायला लागतो.

आता निवड, आणि आधी लांबी

ब्रँड नंतर. आधी लांबी, मग हुक (आर्मचं टोक, ज्यावर ब्लेड अडकतं), मग बाक, मग रबर, याच क्रमाने.

लांबी कशी घ्यायची, तर जुन्या ब्लेडचं नुसतं रबर मोजा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फ्रेम किंवा कव्हर नाही. आणि दोन्ही बाजूंची वेगवेगळी मोजा, कारण बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरकडचं लांब आणि शेजारचं छोटं असतं. इंच आणि मिलीमीटरमध्ये गोंधळू नका, २४ इंच म्हणजे खरं तर ६१० मिमी होतात पण डब्यावर ६०० लिहिलेलं असतं, १६ इंचाच्या डब्यावर ४००, २६ च्या डब्यावर ६५०, हा थोडासा फरक चालतो. मात्र आधीच्या मालकाने चुकीचं ब्लेड टाकलेलं असू शकतं, म्हणून मोजलेली लांबी गाडीच्या मॅन्युअलशी जुळवून घ्या. ऑनलाइन यादीवरून घेत असाल तर यादी डाव्या स्टीअरिंगच्या गाडीची आहे की उजव्या हे बघा, तीच गाडी पण स्टीअरिंगची बाजू बदलली की बऱ्याचदा डाव्या-उजव्या लांबीची अदलाबदल होते, आणि नेमकं ड्रायव्हरसमोर छोटं ब्लेड येतं.

जास्त काच पुसली जाईल म्हणून मुद्दाम मोठं ब्लेड घ्यायची एक हौस असते. ती करू नका. आर्मची स्प्रिंग तेवढीच आहे, तोच दाब जास्त लांबीवर पसरला की सगळीकडेच कमी पडतो, त्यात काचेच्या कडेला बाक जास्त असतो म्हणून वाढीव टोक तिथे हवेतच राहतं, वर दोन्ही ब्लेड एकमेकांना घासू शकतात आणि मोटरवरही भार येतो. नेमकं माप मिळतच नसेल तर एक इंच छोटं घेतलेलं परवडलं, मोठं नको.

हुकचं एवढंच की दुकानदार युनिव्हर्सल म्हणाला म्हणून घेऊ नका. सगळ्यात जास्त दिसतो तो यू आकाराचा वळलेला हुक, काहीजण त्याला जे-हुक म्हणतात, तो साधारण ९ मिमी रुंद असतो पण त्याची जाडी ३ मिमी आणि ४ मिमी अशी दोन प्रकारची येते. पातळ हुकवर जाड हुकचा अडॅप्टर (ब्लेड आणि हुक जोडणारा प्लास्टिकचा तुकडा) बसवला तर बसतो, पण आत खुळखुळतो, आणि मग प्रत्येक टोकाला टक असा आवाज येतो आणि ब्लेड डुलतं. लोक याला थडथड समजून रबर बदलतात. बाकी साइड पिनचे, बटण दाबून सुटणारे, वरून क्लिप बसणारे असे बरेच प्रकार आहेत, सरळ आर्मच्या टोकाचा फोटो काढा आणि तो दाखवून मागा, नावं पाठ करायची गरज नाही.

फ्रेमवालं, फ्लॅट की हायब्रिड

यावर खूप वाद चालतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या पद्धतीच्या फ्रेमवाल्या ब्लेडला लोखंडी फ्रेम असते आणि तिचे पंजे रबराला ठरावीक जागी धरतात, दाब त्या त्या जागी पडतो आणि मधल्या भागात रबरातल्या स्टीलच्या पत्त्या तो वाटून देतात. याचा मोठा फायदा हा की सांधे हलते असल्यामुळे ते वेगवेगळ्या बाकाच्या काचेवर आपोआप बसतं. तोटा हा की सांध्यात धूळ, गंज, बर्फ गेलं की ते जाम होतात आणि मग मधोमध पुसलं न जाणारा तो रुंद पट्टा येतो. हातात घेऊन प्रत्येक सांधा वाकवून बघा, सगळे सुळसुळीत हलले पाहिजेत.

फ्लॅट ब्लेडमध्ये बाहेरची फ्रेमच नाही, आत स्प्रिंग स्टीलची पट्टी असते जी धनुष्यासारखी आधीच वाकवलेली असते, काचेवर दाबली की ती उलगडते, परत वाकायला बघते आणि पूर्ण लांबीवर बऱ्यापैकी सारखा दाब देते. अंगाने बुटकं असतं म्हणून वाऱ्याला कमी सापडतं, वर रबरी स्पॉयलर, म्हणजे वाऱ्याच्या जोराने ब्लेड काचेवर दाबणारी उतरती कड, असतो, हायवेवर याचा फरक खरंच जाणवतो. पण ते वाकवणं कारखान्यात ठरलेलं असतं. काच जास्त बाकाची आणि ब्लेडचा बाक कमी, तर टोकं उचलली जातात, आणि याच्या उलट असेल तर टोकं घट्ट आणि मधे ढिलं. म्हणून ज्या गाडीला कंपनीतूनच फ्लॅट ब्लेड आलंय तिला त्याच मॉडेलसाठी दिलेलं फ्लॅटच घ्या, आणि जुन्या गाडीला, जिला फ्रेमवालं आलं होतं, तिला फ्लॅट घेताना आधी काचेवर धरून बघा. ब्लेड कोरड्या काचेवर नुसतं टेकवलं, आर्मशिवाय, तर दोन्ही टोकं टेकलेली आणि मधे थोडी फट दिसायला हवी, हलकं दाबलं की ती फट पूर्ण मिटायला हवी. टोकंच हवेत राहत असतील तर ते ब्लेड परत द्या, सवयीने ते बसेल वगैरे काही होत नाही.

हायब्रिड म्हणजे आत सांध्यांची फ्रेम आणि वरून प्लास्टिकचं निमुळतं कव्हर. जास्त बाकाची काच आणि हायवेचं जास्त ड्रायव्हिंग असेल तर माझी पसंती यालाच असते. ज्यांची गाडी गावातच फिरते आणि काचेला बाक फारसा नाही त्यांना चांगल्या रबराचं साधं फ्रेमवालं पुरतं, त्यात कमीपणा काही नाही.

ब्लेडचा सांगाडा चांगला असेल तर नुसतं रबर बदलूनही चालतं. फक्त आतल्या दोन स्टीलच्या पत्त्या जुन्या रबरात जशा होत्या, त्याच बाकाने आणि खाचा त्याच बाजूला ठेवून बसवा, आणि रबराची लॉकची बाजू पंजात अडकल्याची खात्री करा, नाहीतर ऐन पावसात रबर सरकत सरकत बाहेर येतं आणि उघडा लोखंडी पंजा काचेवर ओरखडा ओढतो.

रबराबद्दल थोडक्यात. नैसर्गिक रबर मऊ असतं, पुसतं सुरेख, पण ऊन आणि हवेतल्या ओझोनने लवकर कडक होतं आणि चिरतं. कृत्रिम रबर ऊन जास्त सोसतं. सिलिकॉन सगळ्यात जास्त टिकतं आणि काचेवर पाणी झटकणारा हलका थर सोडतं, पण काच तेलकट असताना लावलं तर सुरुवातीपासूनच थडथडतं, म्हणून सिलिकॉन घेणार असाल तर काच साफ करायला पर्यायच नाही. बऱ्याच रबरांच्या धारेवर ग्रॅफाइटचा काळा थर असतो, सरकणं सोपं व्हावं म्हणून, तो अल्कोहोलने पुसलात तर निघून जातो. अल्कोहोल काचेसाठी, धार फक्त पाण्याने. पेट्रोल, रॉकेल, गंज सोडवायचा स्प्रे, सॅंडपेपर, असले उपाय व्हिडिओत खूप दाखवतात, कृपया यातलं काहीही रबराला लावू नका, पेट्रोल-रॉकेलने रबर फुगतं आणि सॅंडपेपरने धारच जाते, जी धार आपण पैसे देऊन घेतो.

बसवताना

आर्म उभा करायच्या आधी काचेवर जाड टॉवेल घाला. ब्लेड काढल्यावर आर्मचं टोक उघडं लोखंड असतं आणि स्प्रिंग जोरदार असते, हातातून सुटला तर काच तडकायला एक फटका पुरतो. ज्या गाड्यांत वायपर बॉनेटच्या कडेखाली लपतात तिथे आर्म तसाच उचलायला गेलात तर बॉनेटचा पेंट जातो, अशा गाड्यांना सर्व्हिस पोझिशन असते, बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद केल्यावर लगेच वायपरची दांडी दाबली की वायपर काचेच्या मध्यावर येऊन उभे राहतात, तुमच्या गाडीची नेमकी रीत मॅन्युअलमध्ये असते.

काही ब्लेडच्या धारेवर पारदर्शक किंवा पिवळी प्लास्टिकची पट्टी चढवलेली असते, धार दबू नये म्हणून. ती काढायची असते. ती तशीच ठेवून बसवलेली नवी ब्लेडं बरीच दिसतात, आणि नवीन ब्लेड अजिबात पुसत नाही ही तक्रार तिथेच सुटते. हुक आत सरकवल्यावर क्लिक ऐकू आला पाहिजे, नंतर ब्लेड धरून हुकच्या दिशेने ओढून बघा, निसटायला नको. स्पॉयलर एकाच बाजूला उतरता असेल तर त्याची दिशा डब्यावर दाखवल्याप्रमाणेच ठेवा, उलटा बसला तर वारा ब्लेड दाबायच्या ऐवजी उचलतो.

बसवून झाल्यावर काच ओली करून आधी हळू, मग फास्ट, दोन्ही स्पीडला बघा. फास्टला ब्लेड थोडं पुढे झेपावतं, म्हणून खालच्या पट्टीला किंवा खांबाला लागतंय का ते तेव्हाच कळतं.

किती दिवस चालायला हवं? ६ ते १२ महिन्यांनी बदला असं सगळीकडे सांगतात आणि ते ठीकच आहे, पण उन्हात उभी असणारी गाडी फार चालली नाही तरी रबर कडक होतं, तेव्हा किलोमीटर मोजून उपयोग नाही. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने धार पुसा, फडक्यावर थोडं काळं येतं ते चालतं, धारेचे तुकडे यायला लागले की रबर संपलं. कोरड्या धुळीच्या काचेवर वायपर चालवू नका, आधी पाणी. काचेवर बर्फ जमलेला असेल तर तो खरवडून आणि ब्लेड हाताने अलगद सोडवूनच वायपर लावा, चिकटलेल्या ब्लेडवर मोटर लावली तर धार फाटते आणि कधी कधी लिंकेजही जातं. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहणार असेल तर मधून मधून काच ओली करून वायपर दोन-तीन वेळा फिरवा, म्हणजे धार एकाच बाजूला दबून बसत नाही.

मागच्या काचेचा वायपर असेल तर त्याची लांबी आणि पकड बऱ्याचदा त्या मॉडेलपुरतीच असते, पुढच्यासाठी आणलेला अडॅप्टर तिथे बसत नाही, तो मॉडेलचं नाव आणि साल सांगूनच घ्या. आणि इतकं सगळं तपासूनही रुंद पट्टा जात नसेल तर डावं-उजवं ब्लेड सारख्या मापाचं असल्यास अदलाबदल करून बघा, पट्टा ब्लेडबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष ब्लेडचा, बिलासकट परत करा, आणि पट्टा त्याच जागी राहिला तर मेकॅनिककडे जाऊन आर्म बदला, ब्लेड तेच राहू द्या.